लघवी केशरी झाली म्हणून गोळ्या थांबवू नका

वर एका ताईंनी लिहिलंय, टीबीच्या गोळ्यांनी लेकीची लघवी केशरी झाली म्हणून दोन दिवस औषध बंद ठेवलं. अहो, तो त्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाचा रंग! इथे इंदूरला हेच औषध घेणाऱ्या आमच्या पुतण्याचं बनियन घामाने काखेत नारिंगी झालं, तर आईला वाटलं रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा, डाग राहिला. त्याने काही बिघडत नाही. डॉक्टरांना सांगून गोळ्या लगेच सुरू करा.

खरं लक्ष यकृताकडे हवं. टीबीची आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही औषधंही त्याला त्रास देऊ शकतात. सारख्या उलट्या, जेवणावरची वासना उडणं, डोळे पिवळे दिसणं, असं काही झालं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

इथॅम्ब्युटॉल या टीबीच्याच औषधाने क्वचित नजरेवर परिणाम होतो, लाल-हिरव्यात गोंधळ होतो. लहान मूल आपणहून थोडंच सांगणार? आम्ही पोह्यांवरचे डाळिंबाचे दाणे आणि कोथिंबीर दाखवून रंग विचारायचो.