कायटोसनच्या मण्यांत झेडआयएफ-८ टिकेना

प्रश्न: पाण्यातलं शिसं पकडणारे मणी बनवायचे होते. कायटोसन (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारा पॉलिमर) २ टक्के ॲसेटिक आम्लात विरघळवून त्यात झेडआयएफ-८ची (झिंक असलेला सच्छिद्र पदार्थ) पूड ढवळली. दुधाळ द्रावण तासाभरात नितळ झालं. मणी बनले, पण शिसं पकडतात नुसत्या कायटोसनइतकंच. तीन आठवडे यातच गेले. कुठं चुकतंय?

उत्तर १: नितळ झालं तिथंच उत्तर आहे. झेडआयएफ-८ आम्लात तुटतं, झिंक सुटून द्रावणात जातं. अल्जिनेट (समुद्री शेवाळातला पॉलिमर) घ्या. पाण्यात विरघळवून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडले की मणी तयार, आम्ल लागतच नाही.

उत्तर २: कायटोसनच हवं असेल तर झिर्कोनियमचं यूआयओ-६६ (तसाच सच्छिद्र पदार्थ) बघा, सौम्य आम्लात टिकतं. मात्र मणी घट्ट करताना कॉस्टिक सोड्यात रेंगाळू देऊ नका, तीव्र अल्कलीत तेही ढासळतं. आणि हवेत वाळवू नका! आक्रसून छिद्रं बुजतात, फ्रीज-ड्राय करा (गोठवून निर्वातात सुकवा).

प्रश्नकर्ती: मी हवेतच वाळवत होते. उद्या अल्जिनेटनं सुरुवात करते.