एकच स्पेलिंग, दोन उच्चार: वाचण्याआधी कसे ओळखावे?

प्रश्न

मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी पाठ्यपुस्तके ध्वनिमुद्रित करतो. नुकतेच रसायनशास्त्राच्या एका धड्यात एल-ई-ए-डी हा शब्द आला आणि मी तो सवयीने ‘लीड’ असा वाचून गेलो. तिथे शिसे हा धातू अभिप्रेत होता, म्हणजे उच्चार ‘लेड’ हवा होता. ऐकणाऱ्यापुढे स्पेलिंग नसते, त्यामुळे माझ्या चुकीने त्याच्यापुरता वाक्याचा अर्थच हरवला, याची मला फार खंत वाटते. ‘टिअर’ म्हणजे अश्रू आणि ‘टेअर’ म्हणजे फाडणे, ‘विंड’ म्हणजे वारा आणि ‘वाइंड’ म्हणजे गुंडाळणे, अशा जोड्या मी वहीत टिपू लागलो आहे, पण यादी संपत नाही. यामागे काही नियम आहे का, की प्रत्येक शब्द पाठच करावा लागेल?

उत्तर १

आपल्या यादीतला बराच मोठा भाग नियमात बसेल. दोन अवयवांच्या, म्हणजे दोन उच्चारखंडांच्या, अनेक शब्दांत नाम असेल तर आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अवयवावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर येतो, व आघाताबरोबर स्वरही बदलतो: नोंद या अर्थी ‘रेकॉर्ड’, नोंदवणे या अर्थी ‘रिकॉर्ड’, वाळवंट ते ‘डेझर्ट’, सोडून जाणे ते ‘डिझर्ट’. ‘ऑब्जेक्ट’, ‘परमिट’, ‘प्रेझेंट’ यांचेही तसेच आहे. ए-टी-ई ने संपणाऱ्या ‘सेपरेट’, ‘एस्टिमेट’ यांसारख्या शब्दांत क्रियापदाचा शेवट ‘एट’ असा स्पष्ट ऐकू येतो, तर नामाचा किंवा विशेषणाचा शेवट आखूड होऊन ‘इट’च्या जवळ जातो. ‘यूज’, ‘क्लोज’ आणि ‘हाउस’ यांच्या बाबतीत फरक शेवटच्या व्यंजनाचा आहे: क्रियापदात ‘जहाज’मधल्या ज सारखा घोष ध्वनी, एरवी स. म्हणून ‘जवळचा’ या अर्थी ‘क्लोस’ आणि ‘बंद करणे’ या अर्थी ‘क्लोज’.

उत्तर २

‘लेड’ आणि ‘लीड’ मात्र वरच्या नियमात येत नाहीत, कारण ते मुळातच दोन निराळे शब्द आहेत. जुन्या इंग्रजीत त्यांचे स्वरही वेगळे होते. कॅक्स्टन या इंग्लंडच्या पहिल्या मुद्रकाने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढल्यानंतर स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेले, परंतु बोलण्यातले दीर्घ स्वर त्यापुढेही दोनेक शतके बदलत राहिले. ‘ब्रेड’, ‘हेड’, ‘डेड’ या शब्दांत जसा दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला, तसाच तो धातूच्या नावात झाला. क्रियापदात मात्र तो दीर्घच राहून ‘ई’ झाला. वारा या अर्थाचा ‘विंड’ही एके काळी दीर्घ स्वराने उच्चारला जाई, म्हणून जुन्या इंग्रजी कवितांत त्याचे यमक ‘काइंड’, ‘फाइंड’ यांच्याशी जुळवलेले आढळते. असे शब्द पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही, पण त्यांची संख्या आवाक्यातली आहे.

उत्तर ३

मराठीतही आपण हे नकळत करतोच. ‘सारे जग’ यातला ज तालव्य, म्हणजे ‘जीवन’मधल्यासारखा, ‘सुखाने जग’ यातला दंततालव्य, म्हणजे ‘जहाज’मधल्यासारखा. ‘जरा थांब’ आणि वार्धक्य या अर्थी ‘जरा’ यांचेही तेच. लिपी काहीच सांगत नाही, तरी आपण चुकत नाही, कारण शब्दाच्या आधी वाक्य मनात तयार असते. इंग्रजी वाचतानाही डोळा जिभेच्या चार शब्द पुढे ठेवावा. आधी ‘टु’ असेल तर बहुधा क्रियापद, ‘द’ असेल तर नाम. ‘बो’ आणि ‘बाव’ या जोडीत मात्र व्याकरण उपयोगी पडत नाही, कारण धनुष्य, वाकून केलेला नमस्कार आणि जहाजाचा पुढचा भाग ही तिन्ही नामेच आहेत. तिथे प्रसंगच पाहावा लागतो.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तो धडा मी पुन्हा ध्वनिमुद्रित करीत आहे. एकच अडचण उरते: आर-ई-ए-डी हे वर्तमानकाळी ‘रीड’ आणि भूतकाळी ‘रेड’, आणि दोन्हीकडे ते क्रियापदच.

उत्तर १

कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असून आधी साहाय्यक क्रियापद नसेल आणि शेवटी एस नसेल, तर तो सहसा भूतकाळच असतो, म्हणून ‘रेड’ वाचावे. ‘हॅव’ किंवा ‘हॅड’नंतरही ‘रेड’च. कर्ता ‘आय’ किंवा ‘दे’ असेल तेव्हा शेजारच्या वाक्यातल्या क्रियापदांचा काळ पाहावा, आणि तेवढ्यानेही उलगडा होत नसेल तर पूर्ण परिच्छेद मनात वाचून झाल्यावरच ध्वनिमुद्रण सुरू करावे.