पीएचडीसाठी पैसे भरून पेपर छापावा का? गाईड म्हणतात छापून टाक, माझं मन होत नाहीये

बालाघाट
नमस्कार मंडळी. मी समाजशास्त्रात पीएचडी करतेय, चौथं वर्ष चालू आहे आणि एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पगारावर, शिकवते. विषय आहे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण. म्हणजे आईबाप कारखान्याला गेले की हंगामी वसतिगृहात मागं राहिलेल्या मुलांचं काय होतं आणि जी सोबत जातात त्यांची शाळा कशी तुटते. तीन हंगाम मी वस्त्यांवर आणि तिकडं फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, जाऊन मुलाखती घेतल्यात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडं कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी मोजतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम दोघांच्या नावावर घेतलेली असते, त्यामुळं बाईला गावात थांबता येत नाही, मग धाकट्याला सांभाळायला मोठी पोरगी सोबत जाते आणि सगळ्यात आधी शाळा सुटते ती तिची. हे मला घरोघरी दिसलं.

आता सिनॉप्सिस (थिसिसचा सारांश) द्यायचाय तर गाईड सर म्हणतात दोन पेपर जोड. पुढच्या आठवड्यात एका ठिकाणी एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र आहे, १,५०० रुपये भरले की त्यांच्या 'आंतरराष्ट्रीय' जर्नलच्या स्पेशल इश्यूमध्ये पेपर छापून मिळतो, परवा रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर वर्ड फाईल पाठवायची. मी त्यांचा मागचा अंक उघडून बघितला, त्यात कांद्याचा बाजारभाव, संतवाङ्मय, नॅनो पार्टिकल आणि कबड्डी सगळं एकाच अंकात! कव्हरवर इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा इतर लोक किती संदर्भ देतात तो आकडा, सातच्या वर. पैसे भरायचं जिवावर येतंय असं नाही, पण ज्या बायका दिवसभर ऊस तोडून आल्यावर चुलीपुढं बसून माझ्याशी दोन दोन तास बोलल्या त्यांचं बोलणं मी असं कुठंतरी टाकून द्यायचं का? आणि यूजीसीची मान्य जर्नलांची केअर लिस्ट पण बंद झाली म्हणे, मग चांगलं जर्नल ओळखायचं कसं?

ग्रंथपाल_काका
ताई, थांब, आधी एक गोष्ट बघ. पेपर सक्तीचा आहे का? २०१६ च्या यूजीसी नियमात थिसिस देण्याआधी रेफरीड (तज्ज्ञांकडून तपासून छापणाऱ्या) जर्नलमध्ये एक पेपर आणि दोन कॉन्फरन्स प्रेझेंटेशन लागायची, पण नोव्हेंबर २०२२ च्या नवीन नियमांत ती अट काढून टाकली. फक्त विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, आणि तुझं रजिस्ट्रेशन कोणत्या नियमाखाली आहे तेही बघावं लागेल, म्हणून पीएचडी विभागातून लेखी परिपत्रक माग, तोंडी सांगण्यावर जाऊ नको. बऱ्याच गाईडना जुनीच अट डोक्यात असते, मी रोज बघतो.

केअर लिस्टचं म्हणशील तर हो, फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने जाहीर केलं की यादी बंद, आता निकष दिलेत आणि संस्थांनी स्वतः ठरवायचं. केअर यादी मुळात कशामुळं आली तेही माहीत असू दे. आधीच्या यूजीसी यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने वाट्टेल ती जर्नलं घुसली होती. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन सरांनी आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या इतर कुठं इंडेक्स नसलेल्या, म्हणजे मोठ्या डेटाबेसमध्ये नोंद नसलेल्या, जर्नलांचा नमुना तपासला तर ८८ टक्क्यांहून जास्त कमी दर्जाची निघाली, २०१८ ला करंट सायन्स या जर्नलमध्ये ते छापून आलंय. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली आणि मग केअर आलं. आता तेही गेलं, म्हणजे पारख परत आपल्याच गळ्यात.

ओळखायचं कसं तर आयएसएसएनवर भुलू नको, तो नुसता नियतकालिकाचा नोंदणी नंबर आहे, दिल्लीच्या केंद्रातून फुकट मिळतो, त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. खरा इम्पॅक्ट फॅक्टर तो काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या यादीत असतो, तिथं नाव नसेल तर कव्हरवरचा आकडा सोडून दे. स्कोपस या जर्नलांच्या डेटाबेसची यादी फुकट बघता येते, डीओएजे ही फुकट वाचता येणाऱ्या जर्नलांची यादी पण. संपादक मंडळातल्या दोघांना मेल टाक आणि विचार की तुमचं नाव इथं आहे हे तुम्हाला माहीत आहे का. मी एकदा एकीला करायला लावलं होतं, एका प्राध्यापकांचं उत्तर आलं की मला कल्पनाच नाही. आणि दोन दिवसांत रिव्ह्यू (तज्ज्ञांकडून तपासणी) होत नाही बाळा, रिव्ह्यू करणाऱ्याला तुझा पेपर धड वाचायला तरी दोन दिवस लागतात.

गोदाकाठचा_पोरगा
काकांचं सगळं बरोबर आहे पण मी दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका. मी असे पाच पेपर छापलेत. सहायक प्राध्यापकाच्या शॉर्टलिस्टिंगला एका पेपरचे २ मार्क मिळतात, समोरच्याचे पेपरचे सगळे मार्क भरलेत आणि आपले शून्य असतील तर मुलाखतीचं पत्रच येत नाही. सीएचबीवाल्याला थांबणं परवडत नाही हो, घरी आईवडील विचारतात परमनंट कधी होणार.

पण एक आहे. एका मुलाखतीत तज्ज्ञांनी माझा पेपर उघडला आणि विचारलं हा नमुना कसा निवडला, आणि मला सांगता आलं नाही कारण तो मी एका रात्रीत जुळवला होता. ते अजून आठवलं की झोप उडते. आणि त्यातला एक विषय माझा खरंच चांगला होता, गोदावरी काठच्या वाळू उपशाचा, तो आता दुसरीकडं पाठवता येत नाही कारण एकदा छापलेलं परत छापलं तर डुप्लिकेट धरतात. मागे घ्यायला मेल केला तर त्याचेही पैसे मागितले. म्हणून ताई छापायचंच असेल तर किरकोळ काहीतरी छाप, फडावरचं मटेरियल अजिबात देऊ नको.

ग्रंथपाल_काका
@गोदाकाठचा_पोरगा तुझी अडचण मला कळते रे, दोष तुझा नाही, मार्क असे लावले की माणसं अशीच धावणार. पण 'किरकोळ छाप' हे मी नाही सांगणार. उद्या तिच्या नावापुढं तेही राहणारच.

वाईची_सून
मी एक विचारू का, हे सगळं इंग्रजीतच का लिहायचं? पहिला पेपर मराठीत लिही. वाईचं नवभारत १९४७ पासून चालू आहे, समाज प्रबोधन पत्रिका आहे, अशा ठिकाणी पाठव, संपादक वाचतात आणि परत पाठवताना का ते लिहितात, मला तशा एका पत्रातून जेवढं शिकायला मिळालं तेवढं कोर्सवर्कमध्ये मिळालं नाही. मार्कांत धरतील का ते काकांनी सांगितलं तसं विद्यापीठात विचारून घे. पण जिल्हा परिषदेचा शिक्षक, वसतिगृह चालवणारी शाळा समिती, यांच्या हातात मराठी लेखच पडेल. इंग्रजीत नंतर ईपीडब्ल्यूला (इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली) दे, ते लेखकाकडून पैसे घेत नाहीत, फक्त वाट बघायची तयारी ठेव.

अजून एक, मुलाखती भाषांतराला चॅटजीपीटीत टाकू नकोस. एक तर त्यात लहान मुलांची नावं, गावं, मुकादमाची नावं आहेत, त्या बायकांनी तुझ्यावर विश्वास ठेवून सांगितलंय. आणि दुसरं म्हणजे संदर्भ विचारलेस की ते नसलेले पेपर बनवून देतं, लेखकाचं नाव खरं आणि लेख खोटा, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) पकडलं तर चार वर्षं वाया.

बालाघाट
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही चॅटजीपीटीचं लिहिलंत आणि धस्स झालं, एक मुलाखत मी मागच्या आठवड्यात टाकली होती, नावं काढून टाकली होती पण गाव राहिलं होतं. ती चॅट लगेच डिलीट केली.

चर्चासत्राला पेपर पाठवत नाहीये. सोमवारी विद्यापीठात जाऊन परिपत्रक घेते आणि ते घेऊनच सरांशी बोलते, सर तसे चांगले आहेत, त्यांनाही वरून विचारणा होते. तोवर मोठ्या मुलींचा भाग वेगळा काढून मराठीत लिहायला बसते, माझ्याकडं अशा एकोणीस मुली आहेत, त्यातल्या चौदा जणी सातवीच्या आत सुटल्यात. वाईच्या ताई, लेख किती शब्दांचा चालतो आणि टाईप करून मेलवर घेतात की पोस्टाने पाठवावा लागतो?