मदत हवी आहे : नादकाटा पायाला लावला, आईला काहीच जाणवत नाही

सांजवारा : आईला बरीच वर्षं मधुमेह आहे. नादकाट्याने (ट्यूनिंग फोर्क, वाजवला की थरथरणारा दोन टोकांचा काटा) पाय तपासतात म्हणून काटा मागवला. आज वाजवून लावला तर म्हणते काहीच कळत नाही. नसा गेल्या का? कुणीतरी लवकर सांगा.

प्रश्नचिन्ह : काटा कितीचा? लावला कुठे? दांडा टेकवलात की टोकं? तुमच्या पायाला लावून पाहिलात का?

पाऊलखुणा : काट्याच्या भानगडीत पडू नका. १० ग्रॅमचं मोनोफिलामेंट आणा, म्हणजे तेवढ्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा. तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबायचं, कळलं की हो म्हणायचं. माझ्या वडिलांचं त्यानेच लक्षात आलं.

प्रश्नचिन्ह : पाऊलखुणा, ते दाब तपासतं, काटा कंप तपासतो. एक केलं म्हणून दुसरं टळत नाही.

सांजवारा : काट्यावर ५१२ लिहिलंय. पोटरीला दांडा लावला. आणि माझा प्रश्न नसांचा आहे, त्याचं सांगा ना.

प्रश्नचिन्ह : तेच सांगतोय. यावरून नसांबद्दल काही ठरत नाही. ५१२ हर्ट्‌झचा काटा कानासाठी. त्याचा कंप बारीक, लगेच विरतो. पायाला १२८चा लागतो. आणि पोटरीवर मांस असतं, दांडा हाडावर हवा : पायाच्या अंगठ्याच्या नखामागचा सांधा. आधी मनगटाच्या हाडावर टेकवून कंप कसा लागतो ते आईंना कळू द्या. मग डोळे मिटायला सांगून अंगठ्याला लावा, ‘थांबला की सांग’ म्हणा. त्या थांबला म्हणाल्या की लगेच तुमच्या अंगठ्याला टेकवा. तुम्हाला अजून चांगलाच जाणवत असेल तर त्यांचा कमी आहे. मधेच एकदा न वाजवताही लावा. तेव्हाही हो म्हणाल्या तर त्या अंदाजाने सांगताहेत.

लोलक : ५१२चा टाकून देऊ नका! नळी पाण्यात उभी धरा, वर काटा धरा, नळी हळूहळू उचला. हवेचा स्तंभ १६ सेंमीच्या आसपास आला की आवाज एकदम भरतो, पुन्हा ५०च्या जवळ. दोन लांबींतला फरक दुप्पट करून ५१२ने गुणा, ध्वनीचा वेग मिळतो. काटा रबरावरच मारा, टेबलावर आपटला की वरचे स्वर मिसळतात.

पाऊलखुणा : लोलक, इथे आईच्या पायाचं चाललंय हो.

कर्णफूल : ५१२ आहेच तर कान बघा. दांडा कानामागच्या हाडावर ठेवा, ऐकू येणं थांबलं की टोकं कानासमोर धरा. चांगल्या कानाला परत ऐकू येतं. ही रिने चाचणी.

सांजवारा : आईचे कान ठीक आहेत! १२८चा मागवते. तोवर थांबू का?

प्रश्नचिन्ह : थांबू नका, डॉक्टरांना पाय दाखवा. वयानेही अंगठ्याला कंप कमी कळतो, तो फरक त्यांनाच करू दे. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी खूप वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासायचं का तेही विचारा, ते कमी झालं तरी असंच होतं. रोज तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. दुखत नाही म्हणून जखम तशीच राहून जाते.

सांजवारा : मेटफॉर्मिन चालूच आहे. बी-१२ कुणी सांगितलंच नव्हतं. उद्याची वेळ घेते.

लोलक : नळी किती रुंद घ्यायची ते हवं असेल तर सांगतो.