वेळ बघायला फोन काढायचो
‘स्मार्टवॉच घेतल्यापासून फोनची कटकट वाढली’ अशी एकाची तक्रार वाचली. पहिला आठवडा माझंही तेच! प्रत्येक ग्रुपचं ‘शुभ सकाळ’ मनगटावर थरथरायचं. मग ॲपमध्ये जाऊन फक्त कॉल आणि बँकेचे मेसेज चालू ठेवले. खरा फरक वेगळाच पडला. आधी वेळ बघायला फोन काढायचो आणि 20 मिनिटं रील्स बघत बसायचो, वेळ बघायची राहूनच जायची. आता कोल्हापुरात रंकाळा तलावाला फेरी मारताना फोन खिशातच असतो. घरी विसरला तर मात्र नुसती पावलं मोजायची, सिम नाही ना घड्याळात. परवा गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला हातात असताना मनगट थरथरलं, सवयीनं वळवलं आणि अर्धं दूध शर्टावर!