सेगा अ‍ॅस्ट्रो सिटी : खालची तीन बटणे चालत नाहीत, मदत हवी आहे

ओमियाकर : सेगाचे अ‍ॅस्ट्रो सिटी कॅबिनेट (गेम सेंटरमधले नाण्यावर चालणारे व्हिडिओ गेमचे यंत्र) आणि सोबत खेळाचा एक सर्किट बोर्ड, असे जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून घेतले आहे. चित्र स्वच्छ दिसते, आवाज येतो, नाणे टाकल्यावर क्रेडिट पडते, दोन्ही जॉयस्टिक चालतात आणि वरच्या ओळीतली तिन्ही बटणेही चालतात. परंतु खालच्या ओळीतली बटणे दोन्ही खेळाडूंकडे पूर्णपणे मुकी आहेत. विकणारा आता फोन उचलत नाही. शनिवारी मित्र खेळायला येणार आहेत, त्यामुळे कृपया इतिहास न सांगता थेट उपाय सांगावा.

डेक्कन_जिमखाना : सर्वप्रथम कॅबिनेट बंद करा. जपानी कॅबिनेट १०० व्होल्टसाठी बनवलेले असते आणि आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला आहे का, हे आपण लिहिलेले नाही. तो नसेल, तर बटणांची चिंता करण्याची वेळच येणार नाही.

ओमियाकर : मी जपानमध्येच, सैतामामध्ये राहतो. घरातल्या भिंतीतून १०० व्होल्टच येतात. प्रश्न विजेचा नाही, बटणांचा आहे.

मायक्रोस्विच : जुनी बटणे आतून झिजतात. सान्वा कंपनीची ३० मिलिमीटरची नवी बटणे आणून बसवावीत. ती नुसती दाबली की भोकात बसतात, स्क्रू लागत नाही. आमच्याकडे याच उपायाने काम झाले आहे.

शिंजुकु_रात्रपाळी : सान्वा अकारण हलकी लागतात, बोट नुसते टेकले तरी दाब मोजला जातो. बदलायचीच असतील तर साइमित्सु कंपनीची घ्यावीत.

तारजोड : दोघांनीही प्रश्न नीट वाचलेला दिसत नाही. दोन्ही खेळाडूंची मिळून सहा बटणे एकाच वेळी झिजत नाहीत. दोष बटणांत नसून त्यांच्या सामाईक वाटेत असणार. ओमियाकर, बोर्ड कोणता, खेळ कोणता आणि पॅनेल मूळचे आहे की बदललेले, हे कळल्याशिवाय पुढे सांगणे कठीण आहे.

ओमियाकर : बोर्ड कॅपकॉमचा आहे, हिरव्या प्लास्टिकच्या पेटीतला. खेळ स्ट्रीट फायटर आहे. प्रत्येकी सहा बटणे म्हटल्यावर हे वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते. पॅनेल विकणाऱ्याने बदलून दिले, पूर्वी त्यावर प्रत्येकी तीनच बटणे होती.

तारजोड : मग उत्तर आपल्या शेवटच्या वाक्यातच आहे. हिरवी पेटी म्हणजे जपानी बाजारासाठीचा सीपीएस-२, कॅपकॉमचा दोन बोर्डांचा (ए आणि बी) संच. जामा जोडणीत (बोर्ड कॅबिनेटला जोडण्याच्या सामाईक मानकात) दोन्ही बाजू मिळून ५६ संपर्क असतात आणि त्यात वीज, चित्र, आवाज, नाणे, जॉयस्टिक हे सगळे बसवल्यावर प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला तीन बटणे येतात. हे मानक ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ठरले, तेव्हा एवढी पुरत होती. १९९१ मध्ये स्ट्रीट फायटर २ आला आणि लाथांसाठी, म्हणजे आपल्या खालच्या ओळीसाठी, आणखी तीन लागली. त्यामुळे कॅपकॉमने ती वेगळ्या कनेक्टरवर बाहेर काढली. सीपीएस-२ मध्ये तो चौतीस पिनांचा आहे आणि खालच्या ए-बोर्डवर जामाच्या कडेशेजारी सापडेल. त्यात काही जोडलेले आहे का, ते पाहावे.

शिंजुकु_रात्रपाळी : माझ्याकडे आधीच्या सीपीएस-१ बोर्डाचा किक हार्नेस (लाथेच्या बटणांचा तयार तारांचा जुडगा) पडून आहे, तो पाठवू का?

तारजोड : नको, दोन्हींचे कनेक्टर वेगळे आहेत.

जुना_कारागीर : बी-बोर्डातली (खेळ असलेल्या वरच्या बोर्डातली) बॅटरी कधी बदलली होती? सीपीएस-२ चा प्रोग्राम सांकेतिक स्वरूपात असतो आणि तो उलगडणारी किल्ली त्या बॅटरीच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली की खेळ सुरूच होत नाही. हल्ली किल्ली पुन्हा लिहिता येते, पण ती वेळ कशाला येऊ द्यायची?

ओमियाकर : खेळ सुरू होतो आहे, फक्त लाथ बसत नाही.

एग्रेट_प्रेमी : माझे मत विचाराल तर हे कॅबिनेट विकून टाइटोचे एग्रेट २ घ्यावे. त्यात मॉनिटर उभा-आडवा फिरवण्याची सोय मुळातच केलेली आहे. १९९३ च्या अ‍ॅस्ट्रो सिटीत तेच काम करताना घाम फुटतो.

तारजोड : एग्रेटमध्येही लाथांची तार वेगळीच टाकावी लागते. शिवाय अ‍ॅस्ट्रो सिटीची रचना याच कामासाठी चांगली आहे : पॅनेल पुढे उघडते आणि खेळानुसार बदलता येते, म्हणजे गेम सेंटरचा मालक बोर्ड व पॅनेल बदलून तेच कॅबिनेट वर्षानुवर्षे वापरू शकत असे. मात्र पॅनेल बदलले तरी आतली तार आपोआप येत नाही, आणि व्यापारी नेमकी तीच टाकायला विसरतात.

ओमियाकर : पॅनेल उघडून पाहिले. खालच्या बटणांच्या तारा एका पांढऱ्या प्लगपर्यंत येतात आणि तो प्लग नुसताच लोंबकळतो आहे. बोर्डावरचा चौतीस पिनांचा कनेक्टरही रिकामा आहे.

तारजोड : मग निदान झाले. खात्रीसाठी टेस्ट मेन्यूतील बटण-चाचणी उघडावी आणि पिनांचा नकाशा समोर ठेवून लाथेची एक पिन तारेच्या तुकड्याने ग्राउंडला क्षणभर टेकवावी. बटणही एवढेच काम करते. पडद्यावर नोंद झाली, तर बोर्ड ठणठणीत आहे. मात्र शेजारच्या पिनला धक्का लागू देऊ नये.

ओमियाकर : नोंद झाली, सहाही. तयार हार्नेस शनिवारपर्यंत पोहोचणार नाही. तोवर काय करावे?

मायक्रोस्विच : बटणे नवी घातली तर आणखी चांगले वाटेल, एवढे मी अजूनही म्हणेन.

तारजोड : टोकियोतल्या अकिहाबाराच्या सुट्या भागांच्या दुकानांत चौतीस पिनांचा फ्लॅट केबलचा कनेक्टर मिळेल. सहा बटणांच्या सहा तारा आणि एक ग्राउंड, एवढेच जोडायचे आहे. ग्राउंड त्याच कनेक्टरवरून घ्यावे, कॅबिनेटच्या पत्र्यावरून घेऊ नये. काम करताना प्लग भिंतीतून काढलेला असावा, आणि हात पॅनेलच्या बाजूलाच ठेवावेत. मॉनिटरच्या नळीत वीज बंद केल्यावरही उच्च दाबाचा भार शिल्लक असू शकतो.

ओमियाकर : उद्या कामावरून सुटल्यावर अकिहाबाराला जातो. तारा किती जाड घ्याव्यात?

तारजोड : बारीकच पुरतात, या वाटेने फक्त संकेत जातो. लांबी मात्र सढळ ठेवा, म्हणजे पॅनेल पूर्ण उघडल्यावर ताण येणार नाही.