क्राफ्टचे नुसते गुण काय मोजताय!

सामन्याला जेमतेम नऊ-दहा गुण करणाऱ्या बास्केटबॉलपटू ॲरन क्राफ्टचं एवढं कौतुक कशाला, असं काहीजण विचारतात. मला हे काही पटलं नाही. ओहायो स्टेट या अमेरिकी विद्यापीठाच्या संघाकडून चार वर्षांत पठ्ठ्याने ३३७ वेळा चेंडू हिसकावलाय.

२०१३ मध्ये आयोवा स्टेटविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याने मारलेला तीन गुणांचा बास्केट सगळ्यांना आठवतो. पण त्याआधी, दोन मिनिटंही उरली नसताना, आयोवाचा विल क्लायबर्न बास्केटकडे आत घुसला तेव्हा हा छाती पुढे करून आडवा उभा राहिला आणि धाडकन पाठीवर आपटला. पंचांनी चार्ज (वाटेत उभ्या बचावपटूला धडक दिल्याचा फाउल) दिला, क्लायबर्नचा बास्केट रद्द! (क्राफ्टची टाच बास्केटखालच्या अर्धवर्तुळावर होती, आणि तिथे उभ्या बचावपटूला चार्ज मिळत नाही, त्यामुळे आयोवावाल्यांची कुरकुर रास्तच.) ओहायो ७८-७५ ने जिंकलं. आता हे आपटणं गुणांच्या कुठल्या रकान्यात लिहिणार?